पाठीवरच्या डब्यातली हवा

पाठीवर सिलिंडर, अंगात हवेचं जॅकेट, कमरेला शिशाची वजनं आणि तोंडात रबरी नळी. एवढा साज चढवून मी अमरावतीच्या एका पोहण्याच्या तलावात उतरले होते आणि जन्मात पहिल्यांदाच मला कुणाला उलट उत्तर देता येत नव्हतं. नेमकी ही संधी साधून माझा मोठा भाऊ काठावरून ओरडला,

"पाह्य पाह्य! बुडाले गेली अन् तरंगून राहिली!"

दादा मला बघायला आला नव्हता बरं का. तो मोटरचं सामान घ्यायला अमरावतीला आला होता आणि सहज डोकावला होता, असं त्याचं म्हणणं. सामानाची पिशवी मला काही त्याच्या हातात दिसली नाही.

मी खाली जायचं बटण दाबत होते आणि पाण्यावरच होते. पुन्हा दाबलं, पुन्हा वरच. सोबत शिकणारी मंडळी कधीच तळाशी जाऊन बसली होती आणि मी एकटी वर, जत्रेतल्या न विकलेल्या फुग्यासारखी.

लोकांना वाटतं, या खेळात तरंगायला शिकवतात. अहो, तरंगायला कुणीही तरंगतं. पन्नाशी गाठलेली, पुरणपोळीवर तुपाची धार सोडणारी बाई तर फारच छान तरंगते. इथे शिकायचं असतं ते बुडायला, आणि तेही आपल्या मर्जीनं. जॅकेटमध्ये हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. भरायला एकच बटण. सोडायला मात्र तीन वाटा. डाव्या खांद्यावरून एक जाड, वळ्यावळ्यांची नळी लोंबते, तिच्या टोकाशी बटण असतं. उजव्या खांद्यावर एक दोरी असते, ती ओढली की तिथलं भोक उघडतं. आणि तिसरी वाट मागे कमरेजवळ, तिलाही दोरी. हे सगळं सरांनी जमिनीवर तीनतीनदा सांगितलं होतं.

सर कोकणातले. नौदलातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, आणि बोलण्याच्या बाबतीत असे काटकसरी की त्यांचं एक वाक्य मी दिवसभर पुरवून वापरायचे. उन्हाळ्यात अमरावतीला येऊन ते शिबिर घेत. ज्यांना जमेल त्यांना दिवाळीनंतर समुद्रात उतरवत.

ते माझ्यासमोर पाण्यातून वर आले आणि म्हणाले, "ताई, नळी वर धरा. वर."

मी मान हलवली, बटण दाबलं आणि नळी खाली नेली.

"वर, ताई."

माझ्या डोक्याला समजत होतं. हाताला समजत नव्हतं. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्यांचं भाजीचं आणि फुलांचं. अकोटच्या रस्त्याला आमची काळी जमीन, त्यात शेवंती, झेंडू, वांगी, मेथी. चालायला लागल्यापासून माझ्या हातात पाण्याचा पाइप आहे. आणि पाइप रिकामा करायचा म्हणजे काय करायचं, हे आमच्यातल्या लहान लेकरालाही कळतं. तोंड खाली करायचं, सगळं भळभळ वाहून जातं. चाळीसेक वर्षं ज्या हातानं हेच केलं, तो हात एका कोकणी माणसाच्या सांगण्यावरून वर कसा जाणार? हवा सोडायची म्हटलं की तो इमानदारीत नळीचं तोंड जमिनीकडे करायचा. हवा बिचारी जॅकेटच्या वरच्या भागात आरामात बसून राहायची.

त्या दिवशी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेवटच्या दिवशी परीक्षा घेईन. त्यात वर उसळलात, तर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही. इथे उसळलात तर लोक हसतील. तिथे उसळलात तर फुप्फुसं फाटतील."

त्यांनी हे एवढ्या शांतपणे सांगितलं की मला राग आला. रागावर मी बरीच कामं केली आहेत आयुष्यात.

आता समुद्राचं सांगते. समुद्रात मी एकदाच गेले होते, लग्नानंतर, गुडघ्यापर्यंत, चपला हातात घेऊन. तेव्हाच ठरवलं होतं की याच्या आत काय आहे ते बघायचं. पण त्याही आधीचं एक प्रकरण होतं, आणि ते आमच्या विहिरीचं.

आमच्या शेतात चार पुरुष खोल विहीर आहे. उन्हाळ्याच्या सुटीत घरातले सगळे पोट्टे तिच्यात पोहायला शिकले. मुलींनी पाण्यात उतरायचं नाही, काठावर बसून पोट्ट्यांचे कपडे सांभाळायचे, असा आमचा रिवाज. पोट्टे तीन-चार आणि कपडे सांभाळणारी मी एकटी. दादाचा सदरा, दादाची चड्डी, दादाच्या चपला. चपला शेजारी शेजारी नीट लावून ठेवायच्या, नाहीतर वर आल्यावर दादा ओरडायचा. एकदा मी सगळे कपडे बाजूला ठेवले आणि फ्रॉकसकट उडी मारली. कुणीतरी मला वेणीला धरून वर काढलं. आईनं विचारलं, "काहून गेली वं पाण्यात?" मी म्हटलं, "पाणी होतं म्हणून." त्या उत्तराचा जो प्रसाद मिळाला तो अजून आठवतो, पण उत्तर मी अजूनही बदललेलं नाही.

पोहायला मी शिकले ते चाळिशीत, अकोल्यात, बायकांच्या बॅचमध्ये. आणि अमरावतीच्या एका मंगल कार्यालयाच्या फुलांच्या सजावटीला गेले असताना शेजारच्या तलावावर या शिबिराचा फलक दिसला. अकोल्याच्या जठारपेठेत माझं फुलांचं दुकान आहे, सजावटीची कामं घेते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "अमरावतीत समुद्र कुठं हाय?" मी म्हटलं, "म्हणून तर आधी तलाव." त्यांनी थोडा विचार केला आणि मी रोज एसटीनं अमरावतीला जाऊन येईपर्यंत दुकान सांभाळायचं कबूल केलं. माझ्या नवऱ्याचा हा गुण मी सगळ्यांना सांगते, म्हणजे त्यांना तो बदलता येत नाही.

दादाचं तसं नाही. पहिल्या दिवसाच्या फजितीचा वृत्तांत त्यानं माझ्याआधी अकोल्यात पोचवला. जुन्या शहरातल्या त्याच्या घरी मी गेले, तर वहिनी तोंडाला पदर लावून बसलेली आणि दादा खुर्चीत मागे रेलून मी कशी तरंगत होते ते हातवारे करून दाखवत होता. नक्कल चांगली होती, हे मान्य करते. आमच्या घराण्यात ते आहे.

"काय वं, या वयात काय थेर लावले?" तो म्हणाला. "लोकं इचारून राहिले मले."

"कोणते लोकं?"

"लोकं म्हंजे लोकं. समद्रात जाते म्हंते. तुले जॅकेट घालून इतभर पाण्यात बुडता येत नाई, अन् समद्र!"

"शेवटच्या दिवशी परीक्षा आहे. तेव्हा ये पाहाले."

"नापास झाली त हे सारं बंद करजो. फुलं विकायची अन् गुमान घरी बसायचं."

"अन् पास झाली त?"

"पास झाली त काय! काई नाई."

"असं कसं काई नाई?" मी म्हटलं. "पास झाली त दिवाळीनंतर तू माह्यासंग समुद्रावर यायचं. मी पाण्यात जाईन. तू काठावर बसून माह्ये कपडे सांभाळायचे."

वहिनीचा पदर तोंडावरून खाली आला. तिला हसायचं कशाला हेच कळेना. दादानं मात्र लगेच हात पुढे केला. हरण्याची शक्यता त्याच्या मनाला शिवलीच नव्हती.

खरं सांगायचं तर मलाही जमत नव्हतं. नळी वर धरायची सवय दोन-तीन दिवसांत हाताला लावली. पण उभी असताना खाली जाता यायला लागलं, तर सरांनी डोकं खाली, पाय वर करून पोहायला सांगितलं. मी नळी पुढे ताणली, बटण दाबलं, आणि हवेचा एक बुडबुडा सुटेना. उलट माझी कंबर वर, पाय वर, आणि मी तळाकडे तोंड करून, पार्श्वभाग आधी दाखवत, पाण्याच्या वर प्रकट झाले. असा प्रवेश मी कुठल्याच रंगमंचावर कुणाला करताना पाहिलेला नाही. तीन वाटा मी तीन वेगवेगळे नियम म्हणून पाठ केल्या होत्या, आणि पाण्याखाली गेलं की पाठ केलेलं पहिल्यांदा विरघळतं.

उकल झाली ती आमच्या दुकानामागच्या हौदावर. दुपारची वेळ होती. फुलांवर मारायला पाणी हवं होतं म्हणून मी तेलाचा रिकामा कॅन हौदात दाबला. घाईत तोंड खाली राहिलं. कॅन बुडेना. दाबला तर उसळून वर आला. तिरका केला, तोंड वर आलं आणि तो म्हणाला, बुड बुड बुड.

मी हौदावर तशीच उभी राहिले. हा आवाज मी आधी ऐकला होता.

पोट्ट्यांना पोहायला शिकवायचे ते काका. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला झाकणाच्या जागी डाग दिलेला, वर एक छोटं बूच. तो डबा दोरीनं पोट्ट्याच्या पाठीला बांधायचा आणि द्यायचा ढकलून. डब्यात हवा, त्यामुळे पोट्टा बुडत नसे. पण काकांची एक खास रीत होती. रोज डबा बांधण्याआधी ते पायऱ्यांवर बसून डबा पाण्यात दाबायचे आणि थोडी हवा सोडून थोडं पाणी आत घ्यायचे. कधी बूच खालच्या बाजूला राहिलं, तर उघडं असूनही डबा एक थेंब आत घेत नसे. मग काका तो फिरवून बूच सगळ्यांत वर आणायचे आणि बुड बुड बुड. रोज थोडी हवा कमी, रोज थोडं पाणी जास्त. शेवटी शेवटी डबा काठोकाठ पाण्यानं भरलेला असायचा आणि पोट्टा मजेत पोहत असायचा. पोट्ट्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते वर मोटेच्या बैलांच्या धावेवर एकमेकांना ढकलण्यात गुंग असायचे. पाहत होते ती मी. मला दुसरं कामच काय होतं? कपडे काही पळून जाणार नव्हते.

म्हणजे वाटा तीन असल्या तरी नियम एकच. हवा जिथे सगळ्यांत उंच जाऊन बसली आहे, भोक तिथलं उघडायचं. उभी असेन तर खांद्याचं, आणि नळी असेल तर तीही खांद्याच्या वर. डोकं खाली असेल तर सगळ्यांत उंच माझी कंबर, म्हणून कमरेची दोरी. मला जे पाठ करता येत नव्हतं ते मी दहा वर्षांची असतानाच पाहून ठेवलं होतं. तेही कुणाचे तरी कपडे मांडीवर घेऊन.

परीक्षेच्या दिवशी दादा माझ्यासोबत एसटीनं निघाला. या वेळी मोटरचं निमित्त त्यानं काढलं नाही. मूर्तिजापूरपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला, मग म्हणाला, "अजूनबी वेळ हाय. म्हन, पाय मुरगळला."

मी विषय बदलला. "दादा, वरच्या वावरात नवीन ड्रिप टाकलं नं तू? त्याचा हवेचा व्हॉल्व्ह कुठी बसवला?"

"कुठी म्हंजे? वावराच्या उंच टोकाले."

"खालच्या बांधाले काहून नाई बसवला?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता की आपली बहीण शेतकऱ्याच्या घरात जन्मली कशी. "खाली बसवून काय उपेग? हवा खाली बसते काय? हवा सारी वर जाऊन जमते. तिथूनच काढा लागते."

"हाव," मी म्हटलं. "मले तुह्या तोंडून ऐकायचं होतं."

"काय?"

"काई नाई. बडनेरा आलं पाह्य."

तलावावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी माझे कपडे एका पिशवीत घालून दादाच्या शेजारी ठेवले. त्यानं पिशवीकडे पाहिलं आणि पायानं थोडी लांब सरकवली.

सरांनी पाण्यात अंगठा खाली केला. चला.

मी नळी डोक्यावर धरली, एखाद्या नाटकात तलवार उपसावी तशी, आणि बटण दाबलं. हवा सुटली. पाणी हनुवटीला, मग नाक-डोळ्यांवरच्या काचेला लागलं आणि मी खाली गेले. आवाज सगळे बंद. फक्त माझा श्वास, सायकलच्या पंपासारखा. मध्यावर सरांनी तळहात आडवा केला: इथेच थांबा. ना वर, ना खाली. थोडी हवा भरली, श्वास सावकाश केला आणि थांबले. वर काठावर दादा दिसत होता, लाटांमुळे कधी लांबट, कधी पसरट. दोन्ही रूपं त्याला शोभत होती.

मग सरांनी तळाकडे बोट केलं. तिथे एक पितळी कडी ठेवली होती. डोकं खाली करून जायचं आणि ती उचलायची.

मी वळले. लगेच कमरेशी ओळखीची हालचाल झाली. जॅकेटमधली हवा खांद्याकडून कमरेकडे पळाली, कंबर वर जायला लागली, पाय हलके झाले. डावा हात जुन्या सवयीनं नळीकडे निघाला. मी त्याला मनातल्या मनात अशी शिवी दिली की तोंडात नळी नसती तर सरांनी मला तिथूनच घरी पाठवलं असतं. नळी आता सगळ्यांत खाली होती, तिच्यात हवा कुठली? उजवा हात मागे नेला. दोरी लगेच सापडेना. कंबर आणखी वर. बोटं जॅकेटच्या काठावरून फिरली, गाठ हाताला लागली आणि मी ओढली.

बुड बुड बुड. बुडबुडे माझ्या टाचांवरून वर गेले. कंबर खाली बसली. दोरी सोडली, पाय एकदा मारले आणि कडी उचलली.

वर येणं उरलं होतं, आणि खरी अवघड गोष्ट तीच. वर येताना आत उरलेली हवा फुगते, ती फुगली की माणूस आणखी वेगानं वर जातो, मग ती आणखी फुगते. म्हणून सरळ व्हायचं, नळी उंच धरायची, थोडी थोडी सोडत यायचं आणि श्वास एकदाही रोखायचा नाही. स्वतःचे बुडबुडे आपल्याआधी वर जाऊ द्यायचे, असं सर सांगत. मी दिले. सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि मागून सावकाश वर आले, लग्नात शेवटी मांडवात शिरणाऱ्या मानाच्या बाईसारखी.

तोंडातली नळी काढल्यावर पहिलं वाक्य काय टाकायचं याची मी तीन दिवस तयारी केली होती. प्रत्यक्षात खोकला आला.

सरांनी माझ्या हातातून कडी घेतली. "दिवाळीनंतर या, ताई." एवढंच. पण ते वाक्य मी अजून पुरवून वापरते आहे.

मी काठाला येऊन टेकले. दादा वरून बघत होता.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "आमी त लहानपणी डब्याशिवाय पवलो."

"डबा त तुह्या पाठीवर होता."

"शेवटच्या दिवशी नव्हता. काकानं सोडला होता."

"दादा, त्याच्या गंज दिवस आधीपासून डब्यात पाणीच होतं. हवा नव्हतीच. काका रोज थोडी थोडी काढून घेत होते."

"काय फेकून राहिली!"

"बूच वर करून, पायऱ्यांवर बसून. तुमी वर हुंदडत होते. मी कपडे धरून तिथंच होती नं. आज मी जे केलं थे काकाचंच पाहून केलं."

दादानं तलावाच्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीवरच्या जॅकेटकडे. त्याच्या चेहऱ्यावरून आमची विहीर, पायऱ्या, काका एकेक करून जाताना मला दिसत होते. मी एक शब्द बोलले नाही, आणि या वेळी तोंडात नळीही नव्हती.

"मंग मी पवाले शिकलो कधी?" त्यानं विचारलं.

"थे काकालेच माहीत."

तो हसला. आधी थोडं, मग पोटभर. डोळे पुसत म्हणाला, "म्हाताऱ्यानं बरोबर केलं बे आमचं!" मग एकदम थांबला. "तू पाहात होती अन् तुलेच पाण्यात नाई जाऊ दिलं."

"नाई दिलं. म्हणून त मी गेली."

मी जॅकेट उतरवून सरांकडे द्यायला गेले. परत आले तर माझ्या कपड्यांची पिशवी त्याच्या मांडीवर होती. माझ्या चपला, ज्या मी येताना कुठेही भिरकावल्या होत्या, त्या काठावर शेजारी शेजारी, टाचेला टाच लावून ठेवलेल्या होत्या.

"समद्रावर ऊन गंज लागत असन नं?" त्यानं विचारलं. "बसाले सावली हाय का तिकडे?"

"नाई," मी म्हटलं. "टोपी घेजो."